हातात न दिलेला केतमेन

मी केतमेन बोलतोय. आवाज जरा कापरा वाटला तर समजून घ्या, कारण गेल्या हिवाळ्यात बसलेल्या धक्क्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही. छत्तीस वर्षं दगडधोंड्यांवर आपटूनही माझं जे झालं नव्हतं, ते एका पेन्सिलीने केलं.

तुम्हीच सांगा, सकाळी उजाडावं आणि अंगणातल्या कपड्यांच्या दोरीवर आपलीच तीस-चाळीस चित्रं चिमट्यांनी टांगलेली दिसावीत, तर कोण घाबरणार नाही? एका चित्रात माझं पातं उभं चिरलेलं. दुसऱ्यात दांडा निम्म्यावर छाटलेला. तिसऱ्यात पात्याला ओळीने भोकं पाडलेली आणि शेजारी लिहिलेलं, ‘वजन कमी’. बरं, हे कुणा वैऱ्याचं काम म्हणावं तर तेही नाही. घरच्या नातीने केलेलं!

तिच्यावर रागवायच्या आधी मी कोण ते सांगायला हवं. कुदळीचं आणि फावड्याचं काम मी एकटाच करतो. पातं गोल, जेवणाच्या ताटाएवढं, खालून धारदार. वर नळी, नळीत तुतीच्या लाकडाचा दांडा. आमच्या फरगाना खोऱ्यात माझ्यावाचून पान हलत नाही. पाट मोकळा करायचा, भिंतीसाठी चिखल कालवायचा, बटाटे काढायचे, आणि शेवटी माणसाला मातीआड करायचं, तेही माझ्याच हातून.

माझा जन्म कुव्याच्या बाजारामागे एका लोहाराच्या भट्टीत झाला. त्याआधी मी ट्रॅक्टरच्या नांगराची तबकडी होतो, म्हणजे माती मला नवी नव्हती. लोहाराने मला तापवलं, ठोकलं, पाण्यात बुडवलं आणि वीसएक भावंडांबरोबर बाजारात मांडलं. तिथं सोतवोल्दी आला. बरोबर चार वर्षांचा मुलगा, इल्होम.

केतमेन घेताना आमच्याकडे तो डोळ्यांनी पारखत नाहीत, कानाने पारखतात. पातं बोटावर टांगायचं आणि नखाने टिचकी मारायची. सोतवोल्दीने एकेक वाजवून पाहिला. माझी पाळी आली तेव्हा इल्होम पुढे झाला, त्यानेच टिचकी मारली, आणि मी इतका वेळ घुमलो की पोराने डोळे मोठे केले.

“दादा, हा बोलतो!” तो बापाला म्हणाला.

मग दुसरा केतमेन बघायचा प्रश्नच उरला नाही. सोतवोल्दीने स्वतःच्या छातीच्या उंचीचा दांडा घासून मला बसवला. तेव्हापासून आजवर त्याच्या मुठीत आहे. इतकी वर्षं एकाच मुठीत काढल्यावर अहोजाहो राहत नाही, म्हणून मी त्याला ‘तो’च म्हणतो. तुम्ही राग मानू नका.

आधी आम्ही सरकारी कापसात राबलो. पुढे जमिनीचा तुकडा स्वतःचा झाला आणि सोतवोल्दीने तिथं डाळिंबं लावली. डाळिंबाचं काम म्हणजे माझ्या आवडीचं. नोव्हेंबर लागला की झुडपाच्या फांद्या दोरीने आवळायच्या, जमिनीकडे वाकवायच्या, वर पाला पसरायचा आणि मी वरून हातभर माती ओढायची. सगळी बाग पुरून टाकायची. नाही पुरली तर थंडी खोडाच्या आत शिरते आणि झाड मुळापासून मरतं. मार्च आला की पुन्हा मीच माती काढायची. आतून फांद्या निघतात, ओल्या, जिवंत. इल्होम मोठा झाला आणि त्याने शेवटची एक ओळ स्वतःच्या हाताने लावली. अकरा झाडं.

सात वर्षांपूर्वी इल्होम गेला. तेहतीस वर्षांचा होता. घरच्या माणसाची माती घरच्याच केतमेनाने लोटतात, तेव्हा त्या दिवशी मी काय केलं असेल ते तुम्हाला कळलंच. त्याबद्दल आत्ता एवढंच. पुढचं सांगायला मला जरा धीर गोळा करावा लागेल.

मागे घरात तिघं उरली. सोतवोल्दी, त्याची सून इनोबात आणि तेव्हा तेरा वर्षांची असलेली नात खोलिसा. इनोबात शेजारच्या गावातल्या बालवाडीत स्वयंपाक करते. उभी राहायची ताकद जबरदस्त, पण दोनशे पोरांची पातेली उचलून कंबर कामातून गेलेली. सोतवोल्दी आता सत्तरीचा. त्याचा उजवा खांदा इतका धरलेला की हात कानापर्यंत जात नाही. तेव्हा बागेत दोघं आळीपाळीने मला चालवायची. दहा घाव त्याचे, दहा तिचे.

आणि इथं एक विचित्र गोष्ट होती. सोतवोल्दी मला तिच्या हातात कधी देत नसे. तिने हात पुढे केला तरी तो वाकायचा, मला जमिनीवर ठेवायचा आणि दोन पावलं मागे सरायचा. मग तिने वाकून मला उचलायचं. तिचे दहा घाव झाले की तिनेही मला जमिनीवरच ठेवायचं, तिच्या हातून तो घेत नसे. सात वर्षं असंच. इनोबात ओठ घट्ट मिटून उचलायची आणि ठेवायची. एक शब्द बोलली नाही.

शेजारचा कोच्कोर मात्र बोलायचा. कुंपणाच्या भिंतीवर दोन्ही कोपर टेकून दुसऱ्यांचं काम बघणं हा त्याचा मोठा उद्योग.

“काय सोतवोल्दी आका,” तो ओरडायचा, “सुनेच्या हातात द्यायला बोटं झिजतात काय तुमची? दोघं मिळून कवायत करताय नुसती!”

“तुझी बाग पुरून झाली वाटतं?” सोतवोल्दी म्हणायचा.

“बाग राहू द्या, मला तुमची करमणूक सोडवत नाही.”

गेल्या नोव्हेंबरात खोलिसा ताश्कंदहून आली. ती तिथं वस्तूंचे आराखडे काढायला शिकते. गुरुजींनी त्यांना काम दिलं होतं: घरातलं रोजच्या वापरातलं एक अवजार घ्या आणि त्यातून नवी वस्तू काढा. अट एकच. शंभर चित्रं झाल्याशिवाय लोखंडाला हात लावायचा नाही.

“आई, मी केतमेन घेणार,” खोलिसा बॅग खाली ठेवायच्या आधीच म्हणाली.

“केतमेनात काय नवं करायचंय? हजार वर्षं तसाच आहे तो.”

“म्हणूनच.”

मी मनात म्हटलं, ‘म्हणूनच’ काय?

अंगणातल्या तुतीच्या झाडावर मी टांगलेला असतो, तिथून तिने मला खाली काढलं, दोरीने मोजलं, कलिंगडं तोलायच्या काट्याला उलटं टांगलं. दोन किलो आठशे ग्रॅम. मग चौथऱ्यावर मांडी घालून बसली आणि पेन्सिल चालू झाली. पण गंमत अशी की आधीची तीस चित्रं माझी नव्हतीच. हातांची होती. आजोबाची मूठ, वाकडा अंगठा. आईची बोटं, चांदीची अंगठी. वाकलेली पाठ. पुन्हा वाकलेली पाठ. मी त्यात नुसता एका रेघेपुरता.

ती आमच्या मागे मागे बागेत यायची, बांधावर बसून काढत राहायची. एका संध्याकाळी कागदाच्या कोपऱ्यातल्या बारीक रेघा तिने मोजल्या आणि स्वतःशीच म्हणाली, “छप्पन वेळा!”

छप्पन वेळा दोघांनी मला जमिनीवर ठेवलं होतं आणि छप्पन वेळा जमिनीवरून उचललं होतं. एका दिवसात. एकाची पाठ सत्तर वर्षांची, दुसरीची कंबर मोडलेली. हुशार मुलगी ती. तिने बरोबर दुखण्यावर बोट ठेवलं. फक्त दुखणं कसलं ते तिला ठाऊक नव्हतं.

मग माझ्यावर पेन्सिल फिरली. पातं पातळ झालं, भोकं पडली, दांडा आखूड झाला. पुठ्ठ्याचा एक नमुना कापून तिने आईच्या हातात दिला.

“हे काय गं? याने माती ओढायची की माश्या मारायच्या?” इनोबात हसली. बऱ्याच दिवसांनी तिचं हसू ऐकलं मी.

“तू धर तर. असा. आता पुढच्याला दे.”

“पुढचा कोण?”

“समज, बोबो.” आजोबाला ती बोबो म्हणते.

इनोबातचं हसू तिथंच विझलं. तिने पुठ्ठा चौथऱ्यावर ठेवला आणि कढईकडे गेली. खोलिसाचं लक्ष कागदात. माझं होतं तिच्या आईकडे.

त्या आठवड्यात थंडी एकदम उतरली. कोच्कोरने भिंतीवरून बातमी दिली की उद्या रात्री पाणी गोठणार, टीव्हीवर सांगितलंय. बाग बहुतेक पुरून झाली होती. राहिली होती ती शेवटची ओळ, इल्होमची अकरा झाडं. सोतवोल्दी दर वर्षी ती शेवटीच घेतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहाला तिघं चौथऱ्यावर बसली. नान, मुरंबा, किटलीभर हिरवा चहा. मी खांबाला टेकून उभा. खोलिसाने पाठीमागून एक मोठा कागद काढला. तिचे कान लाल झाले होते.

“बोबो, शंभरावं चित्र. तुम्हीच पहिल्यांदा बघायचं.”

तिने कागद उघडला. मीही बघितलं, आणि खरं सांगतो, क्षणभर मला बरं वाटलं. मी सडपातळ दिसत होतो, तरणा. दांड्याला दोन मुठी होत्या, एक देणाऱ्याची, एक घेणाऱ्याची. एका मुठीवर वाकड्या अंगठ्याचा म्हातारा हात. दुसऱ्या मुठीवर चांदीच्या अंगठीचा हात. एक हात दुसऱ्या हातात मला देत होता. खाली मोठ्या अक्षरांत वस्तूचं नाव लिहिलं होतं: ‘हातोहात’.

“आता जमिनीवर ठेवायलाच नको,” खोलिसा भराभर सांगत होती. “तुम्ही इथं धरा, आई इथं धरेल, तुम्ही सोडा. कुणालाच वाकायला नको. छप्पन वेळा वाकलात तुम्ही परवा, बोबो! मी मोजलंय.”

सोतवोल्दीच्या हातातली चहाची वाटी कलंडली. गरम चहा त्याच्या गुडघ्यावर सांडला, तरी त्याला कळलं नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“फाड ते,” तो म्हणाला.

“काय?”

“फाड म्हणतो ना!”

त्या घरात इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. खोलिसा कागद छातीशी धरून बसून राहिली. तिचे डोळे भरले.

“पण बोबो, आईची कंबर...”

“मी वाकेन. शंभरदा वाकेन. तिलाही वाकू दे. हातात द्यायचा नाही!”

इनोबातने हातातली किटली खाली ठेवली. अगदी हळू ठेवली.

“बाबा,” ती म्हणाली, “सात वर्षं मी तुमच्या पायाशी वाकून तो उचलतेय. कधी विचारलं नाही. आज विचारते. मी इतकी अपशकुनी आहे का?”

तिने त्याच्या गुडघ्यावरच्या चहावर फडकं टाकलं.

“नवरा गेला माझा. माझ्या पायगुणाने गेला असं तुम्हाला वाटतं, म्हणून माझ्या हाताला हात लागू देत नाही, हे मला पहिल्या वर्षीच कळलं. तुमचा मुलगा होता, तुमचा अधिकार आहे, असं म्हणून गप्प बसले. पण आता पोरीसमोर तरी सांगा.”

मी लोखंड आहे. पण ते ऐकून माझी नळी दांड्यावर सैल झाल्यासारखं वाटलं मला. सात वर्षं तिच्या तळहाताचा घाम माझ्या दांड्यात मुरत होता, आणि ती हे मनात घेऊन मला उचलत होती? मला कसं कळलं नाही?

सोतवोल्दीने मान वर केली. “तू?” तो म्हणाला. “तू नाही गं पोरी. मी. मी मारला त्याला.”

आता मला सांगायलाच हवं, कारण ते ठाऊक असणारे आम्ही दोघंच होतो.

आमच्याकडे कबरीपाशी केतमेन हातातून हातात देत नाहीत. एकाने दहा वेळा माती लोटली की तो केतमेन जमिनीवर ठेवतो आणि मागे सरतो, मग दुसरा उचलतो. हातात दिला तर मरणही हातात दिलं असं होतं, आणि ते चाळीस दिवसांच्या आत घेणाऱ्याला गाठतं. गावातल्या प्रत्येक पुरुषाला हे ठाऊक असतं. बायका कबरस्तानात जात नाहीत. तिथं मी कसा फिरतो हे त्यांना कुणी सांगत नाही, आणि विचारायचं त्यांच्याही मनात येत नाही. खोलिसा मुलगा असती तर तिने ते शंभरावं चित्र काढलंच नसतं.

सात वर्षांपूर्वी गावचा म्हातारा पाटकरी वारला. त्याच्या मातीला सोतवोल्दी मला घेऊन गेला. इल्होमही होता. सोतवोल्दी थकला होता, पाटकऱ्याची आठवण काढून रडतही होता. शेजारून इल्होमने हात पुढे केला, “द्या दादा, मी लोटतो,” आणि सोतवोल्दीने मला सरळ त्याच्या हातात दिलं. डाळिंबाच्या बागेत रोज देत होता तसं. सवयीने. कुणाचंच लक्ष नव्हतं. पुढच्या श्वासाला त्याच्या ध्यानात आलं, पण तोवर इल्होमने पहिली माती लोटली होती. ते मी पाहिलं.

अडतिसाव्या दिवशी इल्होम बाजारात पोती उतरवताना खाली कोसळला.

सोतवोल्दीने हे सगळं तुटक तुटक सांगितलं.

“बाबा,” इनोबात कशीबशी म्हणाली, “डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं ना, हृदय म्हणून? उन्हाळ्यापासून छातीत दुखत होतं त्यांच्या. तुम्हीच घेऊन गेला होतात शहरात.”

“डॉक्टरांनी कागदावर लिहिलं. मी माझ्या हाताने दिला.”

मीही सात वर्षं स्वतःला हेच समजावत होतो की मी लोखंड, मला मरण कुठून चिकटणार. तरी दर वेळी कुणी हात पुढे केला की मलाच माझी भीती वाटायची.

इनोबात उठली. तिने डोक्याचा रुमाल मागे गाठ मारून घट्ट बांधला. “ऊन उतरतंय,” ती म्हणाली. “अकरा झाडं उघडी आहेत. चला.”

तिघं बागेत गेली. खोलिसा फांद्या आवळू लागली. सोतवोल्दीने पहिल्या झाडावर दहा घाव घातले, बारा घातले, पंधरा घातले. त्याला थांबायचंच नव्हतं. शेवटी खांद्याने दगा दिला. तो मला खाली ठेवायला वाकला.

मी जमिनीपासून वीतभर वर होतो. तेवढ्यात इनोबातने दांडा धरला.

“सोड!” सोतवोल्दी किंचाळला.

“तुम्ही सोडा.”

“इनोबात, वेडी झालीस का? मी एकदा दिलाय!”

“मलाही द्या. बघू कोण मरतं ते.”

माझी अवस्था काय झाली असेल ती कल्पना करा. एका टोकाला तो, एका टोकाला ती. इतक्या वर्षांत मला इतकं घट्ट कुणी धरलं नव्हतं. भिंतीवरून कोच्कोरचं डोकं वर आलं.

“अरे वा, केतमेनाची ओढाओढ! आका, मी पंच म्हणून येऊ का?”

कोच्कोरने एकदा त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा न बोलता खाली गेला.

सोतवोल्दीची बोटं एकेक करून सुटली. खांदाच धरवत नव्हता त्याला. मी तिच्या हातात गेलो, जमिनीला न लागता. सोतवोल्दी मटकन बांधावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

अकराव्या झाडापर्यंतची उरलेली सगळी माती इनोबातने एकटीने ओढली. अंधार पडेपर्यंत. एकदाही थांबली नाही. तिची कंबर किती दुखत होती हे तिच्या मुठीवरून मला कळत होतं, पण तिला जोर कुठून आला होता कोण जाणे. त्या रात्री पाट गोठला. झाडं मातीखाली सुखरूप होती.

सकाळी खोलिसा ताश्कंदला गेली. सोतवोल्दी चाकू घेऊन माझ्याकडे आला. मला वाटलं, आता मला संपवतो. त्याने दांड्यावर, वरच्या टोकाशी, एक आडवी खाच पाडली. दुसऱ्या दिवशी तिच्याखाली दुसरी. तो दिवस मोजत होता.

ते चाळीस दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. इनोबात खोकली की सोतवोल्दी दारात हजर. अंगणात बर्फ धरला की पहाटेच उठून राख पसरायचा, तिचा पाय घसरू नये म्हणून. ती गॅस पेटवायला गेली की हा काडी तिच्या हातातून काढून घ्यायचा. एकोणिसाव्या दिवशी तिला ताप भरला. त्याने स्वतः शोरबा केला, इतका खारट की तिने एक घोट घेतला आणि म्हणाली, “बाबा, मी तापाने नाही, याने मरेन.” तो हसला नाही. रात्रभर तिच्या दाराबाहेर कोट गुंडाळून बसला.

“सोतवोल्दी आका,” कोच्कोरने विचारलं, “सुनेच्या मागे मागे फिरताय, घरात सून कोण आहे नक्की, ती की तुम्ही?”

“तू तुझं बघ,” तो म्हणाला. पण डोळे रस्त्याकडे.

अडतिसाव्या दिवशी त्याने तिला कामावर जाऊ नकोस म्हणून विनवलं. ती गेली. दोनशे पोरं उपाशी ठेवू का, म्हणाली. तो दिवसभर बसथांब्यावर उभा राहिला. बर्फ पडत होतं. बसमधून ती उतरली तेव्हा त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि पुढे चालू लागला. मी झाडावरून बघितलं, त्याचे खांदे हलत होते.

चाळिसावी खाच पडली त्या संध्याकाळी खोलिसा सुट्टीला घरी आली. तिने माझा दांडा हातात घेतला आणि दचकली. “हे काय झालं?” तिने आजोबाला विचारलं नाही, आईला विचारलं, आणि आईने हळूच सांगितलं. खोलिसा खाचांवरून अंगठा फिरवत बसली. मग तिने कागद घेतला.

तेच चित्र आज नवी वस्तू झालं आहे. तिच्या वर्गाच्या कारखान्यात असे पहिले सहा केतमेन बनले. दोन मुठी गेल्या, भोकं गेली, ‘हातोहात’ हे नावही गेलं. पातं माझ्यासारखंच गोल, वजन निम्मं. दांड्यावर चाळीस आडव्या खाचा, गारठलेला हातसुद्धा घसरत नाही. लोक विचारतात खाचा चाळीसच का, तर ती म्हणते, पकडीसाठी. खोटं नाही ते.

वसंतात डाळिंबांवरची माती त्या नव्या केतमेनाने काढली. मी तुतीच्या झाडावर टांगलेलो असतो, जड कामाला तेवढा खाली उतरतो. तक्रार नाही. एकच विनंती आहे. कुणी तुमच्या हातात वस्तू न देता खाली ठेवत असेल, तर मनातल्या मनात अर्थ लावून सात वर्षं गप्प बसू नका. विचारा.

आणि निरोप घेताना एकेचाळिसाव्या दिवसाची सकाळ तेवढी सांगतो. ती सांगितल्याशिवाय मला जाववत नाही.

ऊन पडलं होतं, पण जमीन गोठून दगड झालेली. बागेत काहीच काम नव्हतं. इनोबात अंगण झाडत होती. सोतवोल्दी बाहेर आला, धुतलेला सदरा घालून, डोक्यावर नवी टोपी. त्याने मला झाडावरून काढलं आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. खोलिसा चौथऱ्यावर होती. तिच्या हातात पेन्सिल होती, पण ती चित्र काढत नव्हती.

“सूनबाई,” तो म्हणाला, “हात पुढे कर.”

इनोबातने केरसुणी भिंतीला टेकवली. तळहात रुमालाला पुसले आणि पुढे केले. त्याने मला त्या हातांत दिलं. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, आणि त्याने ती लगेच मागे घेतली नाहीत.

ती मला धरून उभी राहिली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

“बाबा, जमीन तर गोठलीय. याचं करू काय मी?”

“काही नको करू,” तो म्हणाला. “नुसता धर थोडा वेळ.”